कोंडू, इकडे बघ

“कोंडू! ए कोंडू! इकडे बघ ना राजा. हे बघ, हे बघ, चिऊ आली!”

केतकी कॅमेरा घेऊन फरशीवर पालथी पडून हाका मारत होती. तिच्या मागे सुहास स्टीलची वाटी चमच्यानं बडवत उभा होता आणि त्याच्या शेजारी मी गुडघ्यांवर बसून खुळखुळा हलवत होते. तीन मोठी माणसं एका वर्षाच्या बाळासमोर माकडचाळे करत होतो, आणि बाळ आमच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हतं.

ते आमच्या डावीकडे बघत होतं. जरा वर.

“तिकडे काय आहे रे एवढं?” केतकीनं मान वळवली. “स्टूल तर आहे नुसतं.”

फलटणमधल्या आमच्या फ्लॅटची बाहेरची खोली तिनं सकाळपासून ओळखू येणार नाही अशी करून टाकली होती. सोफा आत ढकललेला. भिंतीपासून फरशीपर्यंत एकच लांबलचक पांढरं कापड, मागे फिकट निळे फुगे, आणि मधोमध कोंडू. अंगावर फक्त चड्डी आणि कमरेला काळा करदोटा. पुढ्यात त्याच्या डोक्याएवढा केक. केतकी बारामतीहून आली होती आणि केकही तिनंच आणला होता. केळ्याचा, बिनसाखरेचा, वरून चक्का लावलेला.

“खाल्ला तरी बाधणार नाही. पण ताई, तुम्ही मध्ये यायचं नाही हां. तो कालवणार, फोडणार, अंगाला फासणार. त्याचेच तर फोटो काढायचेत.”

फोनवर ठरवताना तिनं केकवर नाव काय लिहायचं असं विचारलं होतं.

“नाव नको. नुसता एकचा आकडा लिही.”

“असं कसं ताई? पहिला वाढदिवस आहे. बाळाचं नाव काय?”

“कोंडू.”

ती फसकन हसली होती. “ते घरातलं झालं. खरं नाव सांगा ना.”

“अजून ठेवलेलं नाही,” मी म्हटलं आणि घाईनं फोन बंद केला.

कोंडूच्या आधी माझी दोन बाळं गेली. एक सातव्या महिन्यात, पोटातच. दुसरी मुलगी होती, नऊ दिवस होती. तिचा एक पायमोजा माझ्या कपाटात साड्यांच्या खाली आहे, दुसरा कुठे गेला कधी कळलं नाही. म्हणून कोंडूच्या बाराव्या दिवशी सासूबाईंनी, त्यांना मी आत्या म्हणते, कोरं सूप आणलं. बाळाला त्यात निजवलं आणि मला घेऊन खालच्या मजल्यावर हौसाकाकूंच्या दारात गेल्या. हौसाकाकूंना सहा मुलं झाली आणि सहाच्या सहा जगली, पांगली, आपापल्या संसाराला लागली. त्यांच्या हाताला पोर लागतं, असं आत्या म्हणायच्या.

मला जे शिकवलं होतं ते मी बोलले. “हे पोर आमचं नाही. तुमचं आहे.” आणि सूप उंबऱ्याच्या आत सरकवलं.

काकूंनी बाळ उचललं. मग हसत हसत माझ्याच मांडीवर ठेवलं. “माझं पोर हाय. वरीसभर सांभाळ म्हनून देते तुला.” सोबत सुपात ओंजळभर कोंडा घातला. वर्ष पुरं झालं की तोच कोंडा त्याच सुपातून परत न्यायचा, आणि पोर मागून घ्यायचं. तोवर मी त्याला ‘माझं’ म्हणायचं नाही. आई म्हणवून घ्यायचं नाही. नाव ठेवायचं नाही. जे काही टपून बसलेलं असतं, त्याला कळूच द्यायचं नाही की याची आई कुठली.

निघताना काकूंनी मला जवळ ओढलं. त्यांच्या तोंडाला मिसरीचा वास यायचा. रोज सकाळी अकराच्या सुमारास त्या तव्यावर मिसरी भाजायच्या आणि तो कडवट धूर जिन्यातून आमच्या बाल्कनीपर्यंत चढायचा.

“नाव काय हाय तुझ्या मनात?”

“नाव घ्यायचं नाही ना काकू?”

“माझ्या कानात सांग. ते बी माझ्यापाशीच ऱ्हाऊ दे.”

मी सांगितलं. त्यानंतर वर्षभर ते नाव माझ्या तोंडातून निघालं नाही. सुहासलासुद्धा माहीत नव्हतं. तो साखर कारखान्यात केमिस्ट आहे, असल्या गोष्टींवर त्याचा काडीचा विश्वास नाही. पण मुलीच्या वेळचे ते नऊ दिवस त्यानंही पाहिले होते, म्हणून गप्प राहिला.

रोज सकाळी दोन तास कोंडू खाली असायचा. मी स्वयंपाक, आंघोळ उरकून आणायला गेले की काकूंच्या मांडीवर बसलेला दिसायचा. काकू त्यांच्या सागवानी स्टुलावर बसलेल्या, पुढ्यात वाटीत चुरमुरे. “घे,” म्हणायच्या. मग हात पसरायच्या, “दे.” तो एकेक दाणा त्यांच्या तळहातावर ठेवायचा. मी दारात आलेली दिसले की काकू बोलायचं थांबायच्या. पोरानं माझ्याकडे झेप घेतली तरी माझ्या हातात द्यायच्या आधी म्हणायच्या, “जपून ने. माझा हाय तो.”

मला ते आवडायचं नाही. हे आज लिहिते, तेव्हा मान्य करत नव्हते.

वाढदिवसाला एकोणीस दिवस उरले असताना काकू गेल्या.

मुलं आली, दिवसकार्य झालं, घर रिकामं झालं, दाराला कुलूप लागलं. जिन्याखाली टाकून दिलेलं त्यांचं सागवानी स्टूल सुहासनं वर आणलं. केतकीला बॅग ठेवायला होईल म्हणाला. तिनं बॅग ठेवली, ती घसरली. पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली. मग तिनं ती खाली भिंतीला टेकवली.

पोर मागून घ्यायचं राहूनच गेलं होतं. गेलेल्या माणसाकडून कसं मागायचं, आत्यांनी दोघातिघांना विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही.

“कुणाकडून काय मागायचंय?” सुहास एकदा चिडून म्हणाला होता. “मुलगा माझ्या मांडीवर आहे. जन्माची नोंद नगरपालिकेत आहे, त्यावर आपली दोघांची नावं आहेत. तू जरा हस गं. मी फोटोवालीला बोलावलंय.”

तर ती फोटोवाली आता कोपरांवर रेलून म्हणत होती, “थांबा थांबा, हात घातला! कुणी बोलू नका!”

कोंडूनं केकला हात लावला होता. पण फोडला नाही. चिमटीत येईल एवढा तुकडा त्यानं अगदी सावकाश उचलला, आणि हात डावीकडे लांब केला.

“घ्घे,” तो म्हणाला.

कॅमेरा भराभर वाजला.

“अय्या! हा केक फोडत नाहीये, वाढतोय!” केतकी हसायला लागली. “पंगत बसलीये वाटतं तिकडे.”

पुन्हा चिमूट. पुन्हा “घ्घे.” पाच-सहा वेळा तसंच झालं. मग केतकी उठून बसली, पाठ सरळ केली आणि मला कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर फोटो दाखवू लागली. हात भरलेला. हात पुढे केलेला. हात रिकामा. पुढचा फोटो, हात पुन्हा भरलेला.

“गोड आलेत ना? फक्त नजर मिळत नाहीये. एकाही फोटोत लेन्सकडे बघत नाही बघा, सगळीकडे तिकडेच.” ती पुढेमागे करत थबकली. “पण टाकला कुठे यानं?”

“काय?”

“केक. पाच वेळा हात रिकामा झालाय. खाली काही पडलं नाही.”

पांढऱ्या कापडावर मुंगी असती तरी दिसली असती. कोंडूपासून स्टुलापर्यंत कापड कोरं होतं, आणि स्टुलाखालची फरशीही.

“तोंडात घातला असेल,” सुहास म्हणाला.

केतकीनं फोटो मोठा केला. कोंडूचे ओठ स्वच्छ होते. गाल स्वच्छ होते. खालचे दोन दात दाखवत तो कुणाकडे तरी बघून हसत होता.

“असेल काहीतरी,” ती म्हणाली आणि नाक वर करून हुंगलं. “कुणी मिसरी भाजतंय का हो? माझी आजी भाजायची. किती वर्षांनी वास आला!”

आत्या स्वयंपाकघराच्या दारात पुऱ्यांचा झारा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाल्कनीत जाऊन खाली वाकले. काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी बंद होती, बाहेरून गजाला त्यांच्या मुलानं बांधलेली तार तशीच होती.

“आता थोडं पारंपरिक काही करूया का?” आतून केतकीचा आवाज आला. “टोपली, परडी, बांबूचं काही आहे घरात? त्यात बसवू. मस्त दिसतं.”

मी ओला नॅपकिन आणायला मोरीत गेले. कोंडूचे हात पुसायचे होते. नळाखाली धरून नॅपकिन धुतला, पिळला, दोन-तीन मिनिटं गेली असतील. बाहेर आले तेव्हा कोंडू सुपात बसलेला होता.

तेच सूप. सुहासनं माळ्यावरून काढून, धूळ झटकून दिलं होतं.

“कुणी घातलं त्याला त्याच्यात?” आत्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. “कुणी घातलं? परत देऊन बसलात की रे पोराला!”

“आई, फोटो चाललाय,” सुहास म्हणाला.

“माझं काही चुकलं का?” केतकीनं कॅमेरा खाली घेतला.

तेवढ्यात कोंडूनं दोन्ही हात वर केले.

मूल उचलून घेताना काय करतं ते प्रत्येक आईला माहीत असतं. काखेत हात शिरले की ते खांदे वर ओढतं, मान आत घेतं, पोट आवळतं, बूड उचलतं. कोंडूनं तसंच केलं. स्टुलाकडे तोंड करून. त्याचे खांदे कानांना लागले. आणि तो हसला, गुदगुल्या झाल्यासारखा.

सूप सरकलं. चार बोटं असेल, जास्त नाही. स्टुलाच्या बाजूला.

“कापड सुळसुळीत आहे,” सुहास म्हणाला. त्यानं वाटी खाली ठेवली.

“उचल त्याला,” आत्या म्हणाल्या.

सुहास पुढे झाला आणि सुपाजवळ थांबला. ज्याचा कशावरच विश्वास नाही त्या माणसानं मागे वळून मला विचारलं, “उचलू का गं?”

“नको,” मी म्हटलं. “असा उचलून नाही येणार. आत्या, काकूंनी मला निरोप पाठवला होता.”

“कधी?”

“जायच्या आधी. दोनदा. कामवाल्या शैलाबरोबर. सूप घेऊन ये म्हणून.”

“मग?”

“वर्ष पुरं व्हायला तीन आठवडे होते. मला वाटलं, आधी मागितलं आणि काही झालं तर? आणि त्यांना खोकला होता. बाळाला लागेल म्हणून आठ दिवस मी त्याला खाली पाठवलंही नव्हतं.” मी ओला नॅपकिन मुठीत गोळा केला. “शैलाला म्हटलं, सांग त्यांना, मी माहेरी गेलेय.”

आत्यांनी हातातला झारा खाली ठेवला.

माझं माहेर कोरेगावला आहे. मी त्या दिवशी इथेच होते, याच खोलीत. कोंडू नुकताच धरून उभा राहायला लागला होता, धप्पकन पडायचा. खाली काकूंची खाट बरोबर या खोलीखाली होती. प्रत्येक धप्प त्यांना ऐकू गेला असणार.

“बोलावून तू गेली नाहीस,” आत्या हळू म्हणाल्या. “म्हणून तीच आली. माग आता. कोंडा कुठाय?”

सुपाला बांधलेली लाल फडक्याची पुरचुंडी सुहासनं सोडून चपलांच्या कपाटावर ठेवली होती. तोच धावत गेला, तोच घेऊन आला. गाठ सुटेना. शेवटी त्यानं दातानं सोडवली. कोंड्याला जाळी धरली होती, कुबट वास येत होता. मी तो ओंजळीत घेतला आणि स्टुलासमोर गुडघ्यांवर बसले. माझ्या मागे सुपात कोंडू हात वर करून तसाच होता. खाली घेत नव्हता. एवढा वेळ एवढ्याशा मुलाचे हात वर राहत नाहीत.

मिसरीचा वास आता इतका जवळ होता की डोळ्यांत पाणी आलं.

“काकू,” मी म्हटलं, “मी वरच होते. माहेरी गेले नव्हते.”

खोलीत फक्त फुगे एकमेकांवर घासल्याचा आवाज होता. पंखा बंद होता.

“मी घाबरले होते. तुम्ही त्याला ठेवून घ्याल असं वाटायचं मला. आता कोंडा आणलाय. घ्या, आणि पोर द्या.”

काही झालं नाही. कोंडा माझ्या बोटांमधून सांडायला लागला.

“नावानं माग,” आत्या मागून म्हणाल्या. “नाव ठेवलंयस ना तिच्यापाशी? ते घेऊन माग.”

वर्षभर मी ते नाव गिळत आले होते. दूध पाजताना, अंघोळ घालताना, ताप आला त्या रात्री, कितीतरी वेळा ओठांपर्यंत यायचं. आता हवं होतं तर जीभ वळेना. स्टुलाच्या लाकडावर वर्षानुवर्षं बसून पडलेला गुळगुळीत खळगा होता. मी त्याच्याकडे बघत, जेमतेम ऐकू येईल असं म्हटलं,

“मिहिर.”

“अं?”

मागून आवाज आला. मी वळले.

त्यानं हात खाली घेतले होते. त्यानं मान वळवली होती, आणि माझ्याकडे बघत होता. आवाज झाला म्हणून मूल बघतं तसं नाही. हाक मारल्यावर माणूस ‘ओ’ देतो, तसं.

“मिहिर,” मी पुन्हा म्हटलं.

“अं,” तो म्हणाला. नेहमीचंच असल्यासारखं.

या घरात ते नाव कुणी कधी उच्चारलं नव्हतं. सुहास माझ्या तोंडाकडे बघत राहिला होता. तो ते पहिल्यांदाच ऐकत होता. आत्याही. आणि बाळ मात्र कितीतरी महिन्यांपासून त्या नावाला सरावलेलं होतं.

मग त्यानं चक्क्यानं माखलेलं बोट उचललं, माझ्या छातीवर रोखलं, आणि धडा म्हणून दाखवावा तसं म्हणाला,

“आय.”

आमच्याकडे कुणी ‘आय’ म्हणत नाही. सुहास त्याच्या आईला आई म्हणतो. मी माझ्या आईला आई म्हणते. ‘आय’ फक्त खालच्या घरात होती. मी दारात आले की बोलायच्या थांबायच्या त्या काकू. रोज दोन तास, स्टुलावर बसून, वरच्या मजल्याकडे बोट करून, चुरमुऱ्याच्या एकेका दाण्याबरोबर, त्या त्याला काय शिकवत होत्या ते मला तिथे गुडघ्यांवर बसल्या बसल्या कळलं. नियम त्यांनीच घालून दिला होता आणि पहिल्या दिवसापासून त्यांनीच मोडला होता. सूप घेऊन ये, हा निरोप त्याला ठेवून घेण्यासाठी नव्हता. आपल्यानंतर तो अडकून राहू नये म्हणून होता.

मी सूप ओढलं आणि त्याला उचललं. जड लागला. नेहमीपेक्षा कितीतरी जड, नुकताच कुणीतरी अंगावरचा हात काढून घेतल्यासारखा. मी स्टुलाच्या कडेवर डोकं टेकवलं आणि किती वेळ रडले मला माहीत नाही. उठले तेव्हा वास गेला होता. सुहासनं सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या. केतकी भिंतीला टेकून बसली होती आणि आत्या तिला पाणी देत होत्या.

जाताना तिनं पैसे घेतले नाहीत. मीच जबरदस्तीनं तिच्या बॅगेत कोंबले.

आता मिहिर आठ वर्षांचा आहे. पोहायला जातो. त्याचा क्लास पाऊण तासाचा असतो, आणि मी टाकीच्या काठावरच्या बाकावर बसून हे थोडं थोडं लिहिते आहे. मधूनच तो पाण्यातून डोकं वर काढून मी आहे ना ते बघतो. घरी भिंतीवर लावलेल्या, केतकीनं अगदी निघताना काढलेल्या वाढदिवसाच्या फोटोतही तो असाच थेट बघतोय. येणारेजाणारे म्हणतात, किती छान नजर दिली आहे बाळानं.

बाकीचे फोटो मी कुणाला दाखवत नाही. त्यातल्या शेवटच्या दोन फोटोंबद्दल केतकीनं फोन करून मला विचारलं होतं. बोट आपोआप दाबलं गेलं, ती म्हणाली, काढायचे नव्हते. मी स्टुलावर डोकं टेकवून बसलेली, मिहिर माझ्या मांडीवर, त्याच्या दोन्ही मुठी माझ्या मंगळसूत्रात अडकलेल्या. पहिल्या फोटोत माझा भांग काळाभोर आहे. दुसऱ्यात, लगेचच्या, भांगापासून मागे कपाळाएवढ्या रुंदीत पांढरा चक्का फासलेला आहे, डोक्यावर तळहात ठेवून उचलावा तसा. मिहिरच्या मुठी दोन्ही फोटोंत तिथेच आहेत.

त्या रात्री सुहास म्हणाला होता, “केसांत काहीतरी वाळलंय तुझ्या. धुऊन टाक.”

“टाकते,” मी म्हटलं, आणि तीन दिवस केस धुतले नाहीत.